स्वतंत्र दादरा व नगर हवेली (१९५४–१९६१) : मान्यतेवाचून जगलेल्या एका राज्याचा उदय आणि विलय

प्रास्ताविक

विसाव्या शतकातील 'अमान्य राज्ये' हा विषय निघाला की आपल्याकडील अभ्यासकांना कातांगा (१९६०–१९६३), बियाफ्रा (१९६७–१९७०) अथवा अलीकडचे नागोर्नो-काराबाख (१९९१–२०२३) ही उदाहरणे आठवतात. या राज्यांच्या कथेचा क्रमही साधारणतः ठरलेला आहे. एखाद्या विशिष्ट जनसमूहाची बहुसंख्या असलेला प्रदेश मूळ सत्तेपासून फुटतो, स्वतःचे शासन उभारतो, जगाकडे मान्यता मागतो; ती मिळत नाही आणि अखेर शस्त्रबळापुढे ते राज्य कोसळते. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेला लागून असेच एक राज्य सात वर्षे नांदले. त्याला कोणत्याही देशाने औपचारिक मान्यता दिली नाही, त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या भारतानेही नाही. तरीही त्याचा शेवट पराभवात झाला नाही. 'स्वतंत्र दादरा व नगर हवेली' हे ते राज्य होय.

मराठी वाचकाला दादरा-नगर हवेलीचा मुक्तिलढा अपरिचित नाही. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर यांच्या सहभागामुळे त्या प्रसंगाला पुण्या-मुंबईच्या सांस्कृतिक स्मृतीत मानाचे स्थान लाभले आहे. परंतु ही स्मृती २ ऑगस्ट १९५४ या दिवशी येऊन थांबते. त्यानंतरची सात वर्षे हा प्रदेश कोणाचा होता, तेथे कायदा कोणाचा चालत होता, आणि मुक्त झालेला मुलूख लगोलग भारतात का सामील करून घेण्यात आला नाही, हे प्रश्न आपल्या पाठ्यक्रमांत क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात त्या सात वर्षांचा विचार करावयाचा आहे. मान्यतेचा अभाव हे या राज्याचे दौर्बल्य नव्हते. तीच त्याच्या जगण्याची रीत होती आणि त्या रीतीची किंमतही होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सनदेतील एक शब्द

या प्रदेशाची कथा पुण्याच्या दरबारात सुरू होते. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये 'सांताना' नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याच्या भरपाईचा प्रश्न पुढे बराच काळ रेंगाळला. दरम्यान पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड लागले आणि गोव्याच्या पोर्तुगीजांशी सलोखा ठेवणे पुण्याच्या कारभाऱ्यांना निकडीचे वाटू लागले. सवाई माधवराव पेशव्यांच्या नावाने आणि नाना फडणिसांच्या कारभारात १७७९ मध्ये जो तह झाला, त्याच्या सतराव्या कलमान्वये दमणच्या लगतच्या गावांतून सालीना बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख पोर्तुगीजांना तोडून देण्याचे ठरले. नगर हवेलीची गावे १७८३ मध्ये आणि दादरा १७८५ मध्ये अशा दोन टप्प्यांत त्यांच्या ताब्यात गेली. एकूण बहात्तर गावे. त्यांचे क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरांहूनही थोडे कमीच होते.

आता प्रश्न असा की, पेशव्यांनी नेमके काय दिले? मुलूख दिला की मुलखाचा वसूल? पुणे जिल्ह्यातील वाचकाला या फरकासाठी फार दूर जावे लागत नाही. पहिल्या बाजीरावाने मस्तानीला केंदूर, पाबळ आणि लोणी ही गावे इनाम दिली. तेवढ्याने केंदूरवर मस्तानीचे राज्य झाले असे कोणी म्हटले नाही. गावचा वसूल एकीकडे आणि गावावरील राज्यसत्ता दुसरीकडे, हे मराठेशाहीच्या महसूल-व्यवस्थेचे सर्वपरिचित तत्त्व होते. सरंजाम, मोकासा, इनाम, जहागीर या शब्दांच्या छटा भिन्न आहेत, पण त्यांपैकी एकाही शब्दाचा अर्थ सार्वभौमत्वाचे हस्तांतर असा होत नाही. पोर्तुगीजांनी मात्र दीडशेहून अधिक वर्षे तसाच अर्थ घेतला.

त्यांना तसे करता आले, याचे कारण १८१८ मध्ये आहे. पेशवाई बुडाली आणि दमणच्या भोवतीचा मराठी मुलूख इंग्रजांकडे आला. या गावांत पोर्तुगीज अंमल चालू असल्याचे नव्या राज्यकर्त्यांना दिसले आणि त्यांनी त्यावर हक्क सांगितला नाही. ज्याने सरंजाम दिला तो धनीच नाहीसा झाला. सरंजामदार जागेवर राहिला आणि हळूहळू मालक ठरला. भारताच्या इतिहासात असे अन्यत्रही घडले आहे. परंतु येथे त्याचा भौगोलिक परिणाम विलक्षण झाला. चहूबाजूंनी परकीय मुलूख असलेली, समुद्रापासून तुटलेली दोन बेटे तयार झाली. दमणहून सिल्वासाला जाण्यासाठी पोर्तुगीज अधिकाऱ्याला ब्रिटिश हद्द ओलांडावी लागे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर सशस्त्र शिपायांना तर पूर्वपरवानगीवाचून ती ओलांडता येत नसे. हा तपशील आज क्षुल्लक वाटेल. पुढे हेगच्या न्यायालयात त्यावरच निकाल फिरला.

१९५४ चा पावसाळा

स्वतंत्र भारताने लिस्बनमधील आपली वकिलात जून १९५३ मध्ये बंद केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून पोर्तुगीज अधिकाऱ्यांना भारतीय हद्दीतून जाण्यावर निर्बंध येऊ लागले. दादरा व नगर हवेलीतील ठाणी यामुळे दमणपासून अलग पडली. गोवामुक्तीसाठी धडपडणाऱ्या संघटनांच्या लक्षात हे आले नसते तरच नवल. गोव्याला हात घालण्यापूर्वी पोर्तुगीज सत्तेचा सर्वांत दुबळा सांधा निखळवावा, असा तो विचार होता.

फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चाल केली. ठाण्याचा प्रमुख अनिसेतो दो रोझारियो ठार झाला आणि दादरा मुक्त झाले. २८ जुलै रोजी आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक यांनी नरोली घेतली. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी प्रभृती दलाचे नेते आणि पुण्या-मुंबईहून आलेली तरुण मंडळी यांनी त्यानंतर सिल्वासाकडे मोहरा वळविला. या मोहिमेसाठी पैसा उभा करण्याकरिता पुण्यात लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम झाला होता, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. सिल्वासा २ ऑगस्ट रोजी पडले. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन व्हिर्जिलियो फिदाल्गो आपल्या सुमारे दीडशे शिपायांसह खानवेलच्या बाजूस हटला होता. ११ ऑगस्टला त्याने उदवा येथे भारतीय पोलिसांपुढे शस्त्रे ठेवली.

या तीन आठवड्यांच्या मोहिमेत एकच एक सेनापती नव्हता, किंबहुना सहभागी संघटनांत एक प्रकारची शर्यतच होती. युनायटेड फ्रंट, आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक आणि कम्युनिस्टांच्या प्रभावाखालील गोवन पीपल्स पार्टी या चौघांचे ध्येय एक असले तरी उद्याच्या सत्तेची चित्रे वेगळी होती. यात कम्युनिस्टांचे बळ दुर्लक्षिण्याजोगे नव्हते, कारण सीमेपलीकडच्या ठाणे जिल्ह्यात शामराव व गोदावरी परुळेकर यांनी १९४५ पासून वारल्यांना किसान सभेखाली संघटित केले होते. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागांत वेठबिगारी व लग्नगडी यांविरुद्ध झालेला तो उठाव अवघ्या नऊ-दहा वर्षांपूर्वीचा होता. मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या शासनाला हे बळ पोर्तुगीजांइतकेच अस्वस्थ करीत असले पाहिजे. सीमेवर राखीव पोलिसांचा जो पहारा बसविण्यात आला, तो फिदाल्गोला कुमक मिळू नये यासाठी होता हे खरे. मात्र आत कोण शिरते यावरही त्याची नजर होती, असे मानण्यास जागा आहे.

सहभागींनी मागाहून लिहिलेल्या व सांगितलेल्या आठवणींत श्रेयाचे वाटप निरनिराळे आढळते. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. १९६१ च्या जनगणनेनुसार या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती आणि तीत वारली, धोडिया, कोकणा, काथोडी, दुबळा आदी आदिवासी समाजांची प्रचंड बहुसंख्या होती. त्यांतही वारली सर्वांत मोठे. मुक्तिलढ्याच्या प्रचलित कथनांत नावे येतात ती गोव्याच्या, पुण्याच्या, मुंबईच्या कार्यकर्त्यांची. वारली येतात ते वाटाड्ये म्हणून, किंवा जमाव म्हणून. ज्याला एका जनसमूहाच्या बहुसंख्येचे राज्य म्हणावे असे हे राज्य होते, पण त्या जनसमूहाने ते स्वतःच्या नावाने मागितले नव्हते. कातांगा वा बियाफ्राच्या पंगतीत दादरा-नगर हवेलीला बसविताना हा भेद विसरून चालणार नाही.

वरिष्ठ पंचायतीची सात वर्षे

सिल्वासा मुक्त होताच शासनाची घडी बसविणे भाग होते. अप्पासाहेब करमळकर यांच्याकडे प्रशासकपद आले. दादऱ्याची व्यवस्था आरंभी स्थानिक पंचायतीमार्फत जयंतीभाई देसाई पाहत होते. पुढे दोन्ही भाग मिळून 'वरिष्ठ पंचायत' ही सर्वोच्च संस्था कारभार चालवू लागली. पोर्तुगीज भारताच्या महसुली तिकिटांचा साठा हाती लागला होता. त्यावर 'मुक्त प्रदेश' या अर्थाची इंग्रजी अक्षरे छापून ती टपालासाठी वापरण्यात आली. तिकीट-संग्राहकांना ही तिकिटे फार मोलाची वाटतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती अधिक मोलाची वाटावयास हवीत, कारण त्या राज्याने स्वतःच्या सत्तेचा उच्चार केल्याचा असा पुरावा फार थोडा आहे: जुन्या सत्तेचे चित्र तसेच, वर नव्या सत्तेचा शिक्का.

कायद्याची स्थितीही काहीशी अशीच होती. पोर्तुगीज काळातील बरेचसे कायदे चालू राहिले. १९६१ च्या विलीनीकरणानंतर संसदेने जो अधिनियम केला, त्यातही आधीपासून अमलात असलेले कायदे बदल होईपर्यंत चालू राहतील अशी तरतूद करावी लागली. म्हणजे लिस्बनची सत्ता गेली, तरी तिची विधिव्यवस्था स्वतंत्र राज्यात जगली आणि तेथून भारतीय संघराज्यात आली.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमात १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराचा दाखला देऊन राज्याची चार लक्षणे शिकविली जातात: कायम लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि अन्य राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. पहिली तीन लक्षणे दादरा-नगर हवेलीत निःसंशय होती. चौथे नव्हते, आणि ते यावे अशी खटपटही कोणी केली नाही. वरिष्ठ पंचायतीने जगाकडे मान्यतेची याचना केली नाही. तिचे मागणे भारतात सामील करून घ्या एवढेच होते. स्वतःचा अंत हेच ज्याचे घोषित उद्दिष्ट आहे, असे राज्य जगाच्या इतिहासात विरळा. जवळचे उदाहरण शोधायचे तर १९४७ च्या सप्टेंबरात जुनागढसाठी मुंबईत स्थापन झालेल्या 'आरझी हकूमती'चे देता येईल. पण तिचा प्रश्न काही आठवड्यांत सुटला. साताऱ्याचे प्रतिसरकार हेही समांतर शासन होते, तथापि त्याने आपला भूप्रदेश कोणत्याही सीमारेषेने वेगळा काढला नव्हता.

मग भारताने हे मागणे सात वर्षे का लांबविले? पोर्तुगालच्या मुलखात भारताने सैन्य घातले नाही, तेथील जनतेनेच उठाव करून परसत्ता झुगारली, ही भारताची भूमिका होती. विलीनीकरण तत्काळ केले असते तर ती भूमिका लंगडी पडली असती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार करून वीसहून अधिक जणांचे प्राण घेतले, तेव्हाही पंडित नेहरूंच्या शासनाने लष्करी उपाय टाळला होता. शांततामय मार्गाचा जागतिक व्यासपीठावर उद्घोष करणाऱ्या देशाला दादरा-नगर हवेली पचवायची होती, पण गिळताना कोणी पाहू नये अशीही इच्छा होती. असे म्हणणे काहीसे कठोर वाटेल. परंतु १९५४ ते १९६१ या काळातील भारताच्या वर्तनाचे याहून वेगळे वर्णन करणे कठीण आहे.

या संदर्भात नागोर्नो-काराबाखची तुलना उद्बोधक ठरते. आर्मेनिया त्या राज्याचा पाठीराखा होता, त्याला पैसा व संरक्षण पुरवीत होता, पण त्यानेही त्याला कधी औपचारिक मान्यता दिली नाही. वाटाघाटींचे दार बंद होईल ही भीती त्यामागे होती. पाठीराख्याने मान्यता रोखून धरण्याचे तर्कशास्त्र दोन्हीकडे सारखेच आहे. फळ मात्र अगदी उलटे. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या लष्करी कारवाईनंतर एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांनी तो प्रदेश सोडला आणि १ जानेवारी २०२४ पासून ते राज्य विसर्जित झाले. दादरा-नगर हवेलीभोवती शत्रूचा नव्हे तर पाठीराख्याचाच मुलूख होता, आणि मूळ सत्तेची फौज तेथवर पोहोचूच शकत नव्हती. अमान्य राज्याचे भवितव्य त्याच्या न्याय्यतेपेक्षा नकाशावर अधिक अवलंबून असते, असे यावरून दिसते.

सरंजाम शब्द हेगला पोहोचतो

पोर्तुगालला डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले. १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाची अधिकारिता स्वीकारल्याचे घोषणापत्र दिले आणि तीनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारताविरुद्ध दावा दाखल केला. मागणी मोठ्या चातुर्याने केलेली होती. प्रदेश परत द्या असे पोर्तुगालने म्हटले नाही. दमणहून आपल्या बेटांकडे जाण्याचा मार्गाधिकार भारताने अडविला आहे, तो मान्य करावा, असे म्हटले. मार्ग मिळाला की फौज नेता येईल आणि फौज नेली की बंड मोडता येईल, हा त्यामागील हिशेब उघड होता. दाव्याच्या सुनावणीस भारताने घेतलेले बहुतेक प्राथमिक आक्षेप नोव्हेंबर १९५७ मध्ये फेटाळले गेले.

गुणदोषांवरील सुनावणीत भारताची बाजू महान्यायवादी मो. चि. सेटलवाड यांनी मांडली. तदर्थ न्यायाधीश म्हणून न्या. महंमद करीम छागला न्यायासनावर होते. आणि वादविषयांत अग्रभागी होते ते १७७९ च्या तहाचे सतरावे कलम आणि १७८३ व १७८५ च्या सनदा! कलमाचे निरनिराळे पाठ व भाषांतरे न्यायालयापुढे आली. पेशव्यांनी या गावांतील बंडाळी मोडण्याचा अधिकार पोर्तुगीजांना दिला होता, यावरून सार्वभौमत्व सिद्ध होते, असा पोर्तुगीज पक्षाचा एक युक्तिवाद होता. सार्वभौमत्वच दिले असते तर असा अधिकार वेगळा देण्याचे प्रयोजन काय, असा प्रतिप्रश्न त्यावर उभा राहिला. न्यायालयाने निर्णय दिला की मराठ्यांचा हेतू केवळ जहागीर वा सरंजाम देण्याचा होता, गावांवरील सार्वभौमत्व देण्याचा नव्हता. मराठेशाहीच्या दप्तरातील एका शब्दाचा अर्थ नेदरलँड्समधील न्यायासनाने लावावा, आणि तो आपल्याकडील कोणाही जुन्या कुलकर्ण्याने लावला असता तसाच लावावा, हा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक आस्थेने अभ्यासण्याजोगा आहे.

परंतु तेवढ्याने भारताचा जय झाला नाही. न्यायालयाने पुढे असेही म्हटले की इंग्रजांनी आणि त्यांच्यानंतर भारताने पोर्तुगीज सत्ता मुकाट्याने मान्य केलेली होती. सनदेत जे नव्हते ते कालौघाने मिळाले होते. १२ एप्रिल १९६० रोजी दिलेल्या निकालात खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यासाठी पोर्तुगालला १९५४ मध्ये मार्गाधिकार होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांच्यासाठी तो नव्हता, हे मात्र आठ विरुद्ध सात मतांनी. १८७८ नंतर सशस्त्र शिपायांना प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी लागत असे, तो जुना तपशील येथे निर्णायक ठरला. दादऱ्यातील उठावामुळे भोवतालच्या भारतीय मुलखात तणाव निर्माण झाला होता, त्या स्थितीत भारताने वाट रोखली यात कर्तव्यभंग झालेला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरविण्यात आले.

एका मताचे अंतर! आठाऐवजी सात मते पडली असती तर सिल्वासाच्या वरिष्ठ पंचायतीपुढे कोणते संकट उभे राहिले असते, याची कल्पना करता येते. आणि तरीही त्या पंचायतीची बाजू तिच्या स्वतःच्या वकिलाने मांडलेली नव्हती. आंतरराष्ट्रीय न्यायालयात केवळ राज्ये पक्षकार होऊ शकतात. दादरा-नगर हवेली अमान्य, म्हणून अनुपस्थित. ज्यांच्या भूमीविषयी दावा चालला होता ती सत्तावन्न-अठ्ठावन्न हजार माणसे या खटल्याच्या कागदपत्रांत एका घटनेचा विषय आहेत, बोलणारा पक्ष नाहीत.

अकरा ऑगस्ट १९६१

निकालानंतर थांबण्याचे कारण उरले नाही. १२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतीय संघराज्यात विलीन होण्याची इच्छा ठरावाद्वारे पुन्हा व्यक्त केली. आता एक तांत्रिक पेच होता: करार दोन शासनप्रमुखांत व्हावयाचा, तर या बाजूने सही कोणी करायची? त्यासाठी भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी कि. गो. बदलानी यांना, जे तेथे प्रशासक होते, पंतप्रधान नेमण्यात आले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी एका बाजूने पंडित जवाहरलाल नेहरू आणि दुसऱ्या बाजूने भारत सरकारच्याच सेवेतील एक अधिकारी यांच्यात विलीनीकरणाचा करार झाला. हा प्रसंग आपल्याकडे गमतीची आठवण म्हणून सांगितला जातो. त्यातील गंभीर अर्थ असा की, सात वर्षे ज्याला राज्य म्हणण्याचे भारताने टाळले, त्याला राज्य म्हणणे भारताला एका सहीपुरते आवश्यक झाले.

संविधानातील दहाव्या दुरुस्तीने हा प्रदेश ११ ऑगस्टपासून केंद्रशासित झाला. त्यापाठोपाठ आलेल्या १९६१ च्या अधिनियमाने वरिष्ठ पंचायत मोडीत काढली नाही. तिला चर्चा करण्याचा व प्रशासकाला शिफारशी करण्याचा अधिकार ठेवला. कालपर्यंत जी सर्वोच्च सत्ता होती ती आज सल्लागार झाली. चारच महिन्यांनी गोवा, दमण व दीव लष्करी कारवाईने मुक्त झाले आणि सुरक्षा परिषदेत भारतावर टीकेचा भडिमार झाला. त्या गदारोळात दादरा-नगर हवेलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पोर्तुगालने या प्रदेशावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते तेथील १९७४ च्या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये.

जमिनीचा प्रश्न

येथवरच्या विवेचनात राज्याच्या अस्तित्वाचा कायदेशीर धागा प्रामुख्याने आला. वारली शेतकऱ्याच्या दृष्टीने या साऱ्याला काय अर्थ होता, हे पाहण्यासाठी जमिनीकडे वळले पाहिजे. पोर्तुगीज अमलात या प्रदेशातील शेतजमीन 'अल्वारा' व 'तेरेम' या धारणापद्धतींनी दिली जात असे. अल्वारा म्हणजे मुळात सरकारी परवाना; ठरावीक खंडावर जमीन वंशपरंपरेने धारण करण्याचा हक्क त्याने मिळे. मोठ्या अल्वारांचे धनी बहुतांशी बाहेरचे आणि बिगर-आदिवासी होते. राबणारे हात वारली-कोकण्यांचे. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात ज्या सावकार-जमीनदार वर्गाविरुद्ध १९४५ चा उठाव झाला, त्याच प्रकारचे संबंध सीमेच्या या बाजूसही नांदत होते.

१९५४ मध्ये झेंडा बदलला, धारणापद्धती बदलली नाही. मुंबई राज्यात कुळकायदा लागू झाला, १९५७ चा कृषकदिन आला. दमणगंगेच्या खोऱ्यातील या बहात्तर गावांना तो लागू होण्याचे कारणच नव्हते, कारण ती मुंबई राज्यात नव्हती, भारतातही नव्हती. विलीनीकरणाची वाट पाहणाऱ्या राज्याने दूरगामी कायदे करावेत कसे, हा प्रश्न वरिष्ठ पंचायतीच्या बाजूने रास्त म्हणता येईल. पण वाट पाहण्याचा भार सर्वांवर सारखा नव्हता. अल्वाराधारकाला विलंबाने काही तोटा नव्हता.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली, उंबरगाव गुजरातकडे गेले, डहाणू-तलासरी महाराष्ट्रात राहिले. सह्याद्रीच्या पायथ्याशी सलग वस्ती असलेला वारली समाज दोन राज्यांत विभागला गेला आणि अठराव्या शतकातील एका सरंजामाच्या हद्दीने त्याचा तिसरा तुकडा आधीच वेगळा काढलेला होता. ती हद्द पोर्तुगीज गेल्यावरही पुसली गेली नाही. केंद्रशासित प्रदेशाची सीमा म्हणून ती टिकली. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एकत्र करण्यात आले, तेव्हाही बहात्तर गावांची ती जुनी चौकट शेजारच्या दोन्ही राज्यांबाहेरच राहिली.

अल्वारा व तेरेम रद्द करणारा जमीन-सुधारणा विनियम १९७१ मध्ये झाला, म्हणजे मुक्तीनंतर सतरा वर्षांनी आणि विलीनीकरणानंतर दहा वर्षांनी. त्या विनियमाविरुद्ध अल्वाराधारक न्यायालयांत गेले. न्यायालयापुढे पुन्हा एकदा प्रश्न आला तो जुन्या सत्तेने दिलेल्या कागदाचा अर्थ काय, त्याने जमिनीचे धनीपण दिले की केवळ धारण करण्याची मुभा, हाच.